फ्री वेब मीटअप भरवताय? मग कामांचा क्रम आधी नीट लावा

आपल्या शहरात वेब डेव्हलपर आणि डिझायनर लोकांसाठी फ्री मीटअप सुरू करायचं ठरलं की सगळ्यात आधी काय बनतं, तर लोगो. मग व्हॉट्सॲप ग्रुप, मग पोस्टर, मग बाहेरगावच्या कोणातरी नावाजलेल्या स्पीकरची तारीख, आणि शेवटच्या आठवड्यात कोणीतरी विचारतं, अरे हॉलला प्रोजेक्टर आहे ना? पहिला मीटअप तरीही होतो कारण हौस असते, दुसऱ्याला निम्मी माणसं येतात आणि तिसरा होतच नाही. गंमत म्हणजे यातली बरीचशी कामं करायचीच असतात, पण उलट्या क्रमाने झाल्यामुळे गंडतात.

खालचा क्रम नाशिक, कोल्हापूर, सांगली, नागपूर अशा शहरातला, महिन्यातून एकदा होणारा, ३०-४० माणसांचा मीटअप डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय. शंभराच्या वर लोक जमवायचे असतील तर तो समारंभ झाला, त्याचं गणित वेगळं.

## १. शहरात आधीच काही चालू आहे का ते बघा

हे कोणी बघतच नाही. वर्डप्रेसचे (वेबसाइट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) स्थानिक ग्रुप, गुगल डेव्हलपर ग्रुप, फॉस युनायटेडचे (मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची संस्था) शहरागणिक मीटअप, यातलं काहीतरी तुमच्या गावात असण्याची शक्यता चांगली असते, फक्त झोपलेलं असतं, कारण चालवणारा माणूस नोकरीसाठी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेला. त्याला मेसेज टाका. झोपलेला ग्रुप उठवणं नवीन काढण्यापेक्षा सोपं, सदस्यांची यादी आयती मिळते.

वर्डप्रेसच्या अधिकृत मीटअप कार्यक्रमात ग्रुप घेतला गेला तर मीटअप डॉट कॉमची (कार्यक्रम जाहीर करायची आणि नावनोंदणीची साइट) ऑर्गनायझर फी त्यांच्याकडून भरली जाते, तुमच्या खिशातून जात नाही. बदल्यात पाच अटी पाळायच्या: कार्यक्रम सगळ्या समुदायाच्या फायद्याचा, एका कंपनीच्या नाही; दार सगळ्यांना उघडं; आयोजक आणि स्पीकर दोघंही बिनपगारी; कुठल्याही विश्वासू सदस्याला कार्यक्रम घेता आला पाहिजे; आणि भेदभाव, त्रास देणं अजिबात चालणार नाही. तुम्ही त्या कार्यक्रमात जा किंवा नका जाऊ, या पाच अटी तशाच्या तशा उचला, स्वतःची घटना लिहायच्या भानगडीत पडू नका.

सावध: 'फ्री वर्कशॉप' म्हणून बोलवायचं आणि शेवटच्या वीस मिनिटांत कोर्सची फी सांगायची हा क्लासवाल्यांचा जुना धंदा आहे, त्यामुळे फ्री या शब्दावर पोरांचा विश्वास राहिलेला नाही. एखादा क्लास जागा देतो म्हणाला तर जरूर घ्या, पण 'कोर्सची माहिती देणार नाही, आलेल्यांचे नंबर देणार नाही' हे आधी मेलवर लिहून घ्या. तोंडी नाही.

## २. तीन माणसं आणि तीन तारखा

एकट्याने सुरू करू नका, एकाला ताप आला की मीटअप संपला. तीन जण हवेत, शक्यतो तीन वेगवेगळ्या कंपन्यांतले, आणि त्यातला एक तरी डिझायनर, नाहीतर चार महिन्यांत सगळे विषय जावास्क्रिप्टचे, म्हणजे निव्वळ कोडचे, होतात आणि डिझायनर गुपचूप यायचे बंद होतात. कामं वाटून घ्या: एकाकडे जागा, एकाकडे स्पीकर, एकाकडे नोंदणी आणि दार. सतरंज्या मात्र तिघांनीही उचलायच्या.

मग तारीख. एक नाही, पुढच्या तीन. 'दर महिन्याचा तिसरा शनिवार, दुपारी ४ ते ६' असा नियमच ठरवून टाका, लोकांना तारीख लक्षात राहत नाही पण नियम राहतो. शनिवार का, तर आयटीवाल्यांना सुट्टी असते आणि गावातल्या छोट्या एजन्सीत बऱ्याच ठिकाणी अर्धा दिवस असतो, म्हणून ४ च्या आधी नको. आणि ६ ला संपलंच पाहिजे, कारण शेजारच्या तालुक्यातून एसटीने आलेल्या पोराला परत जायचं असतं आणि मुलींना घरी किती वाजता पोचणार हे आधी सांगावं लागतं. 'थोडं लांबलं तरी चालेल' असं ज्याची गाडी खाली उभी असते तोच म्हणतो.

कॅलेंडर समोर घेऊन बसा: गणपतीचे दहा दिवस, दिवाळीच्या आधीचा शनिवार, विद्यापीठाच्या परीक्षा, आयपीएलची फायनल. यातलं काही आडवं आलं तर तो महिना सरळ सोडा आणि सोडलाय असं आधीच जाहीर करा.

तपासा: तिघांनी तिन्ही तारखा आपापल्या घरी सांगितल्यात का? हसू नका, निम्म्या तारखा इथेच मोडतात.

## ३. विषय: माणूस जाताना काय करू शकेल?

'रिॲक्टची ओळख' हा विषय नाही, ते पुस्तकाचं नाव आहे. विषय लिहायची एकच रीत ठेवा: 'इथून जाताना तुम्हाला अमुक करता येईल.' हे वाक्य पूर्ण होत नसेल तर विषय अजून शिजलेला नाही. आणि डेव्हलपर, डिझायनर दोघांच्याही हाताला काम मिळालं पाहिजे, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने मोबाइल बघायचा असं नको.

एक विषय पूर्ण उलगडून सांगतो, म्हणजे किती बारीक जायचं ते कळेल. विषय: 'मराठी मजकूर असलेलं वेब पान तुम्हाला दुरुस्त करता येईल.' एक मुद्दाम बिघडवलेलं पान तयार करायचं, एक एचटीएमएल फाइल (पानाचा मजकूर), एक सीएसएस फाइल (त्याचं दिसणं), आणि सोबत मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा मोफत परवान्याचा फॉन्ट त्याच फोल्डरमध्ये. त्यात हे बिघाड पेरायचे:

- पानाचा लँग ॲट्रिब्यूट, म्हणजे पान कोणत्या भाषेत आहे ते सांगणारी खूण, इंग्रजीचा ठेवायचा. त्यामुळे स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकुरासाठी चुकीचा आवाज निवडू शकतो. आणि तो मराठीचा केला की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, हिंदी वळणाचे ल आणि श जाऊन आपले मराठी वळणाचे येतात. हे पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.
- शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जास्तीचं अंतर) द्यायचं. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, मराठीत शिरोरेखा तुटून अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी सुटी लोंबतात.
- लाइन-हाइट (ओळीची उंची) इंग्रजीच्या हिशेबाने १.२ आणि बटणावर ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाईल ते झाकायचं). वरच्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात नाहीतर कापले जातात.
- नावाच्या रकान्यात फक्त ए ते झेड चालेल असा पॅटर्न, म्हणजे काय टाइप करू द्यायचं त्याचा नियम. मग कोणीतरी हुशार तो बदलून 'युनिकोडमधली सगळी अक्षरं' (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवायची पद्धत) असा करतो आणि तरीही 'सुनीता' नाकारली जाते, कारण युनिकोडमध्ये काना-मात्रा-वेलांटी ही अक्षरं नसून खुणा म्हणून मोजली जातात, पॅटर्नमध्ये त्याही घ्याव्या लागतात.
- त्याच रकान्याला कमाल लांबी कमी ठेवायची. 'क्षितिज' डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, पण युनिकोडच्या हिशेबात सात भरतात.

डिझायनरांनी याच पानाचा फिग्मा या डिझाइनच्या टूलमधला आराखडा घ्यायचा आणि खोट्या लॅटिन मजकुराच्या जागी खरा मराठी मजकूर टाकायचा. 'सबमिट'च्या मापाचं बटण 'अर्ज दाखल करा'ला पुरत नाही, मग पुढची चर्चा आपोआप सुरू होते आणि ती डेव्हलपरशीच करावी लागते.

पुढच्या महिन्यांसाठी: माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर एखादा फॉर्म भरून दाखवणं (मे महिन्यातला तिसरा गुरुवार जागतिक ॲक्सेसिबिलिटी (दिव्यांगांनाही वापरता येणं) जागरूकता दिवस असतो, त्याच आठवड्यात घ्या), स्वस्तातल्या फोनवर आणि कमी रेंजमध्ये पान किती वेळात उघडतं ते मोजून हलकं करणं, आणि पहिलं गिट पुल रिक्वेस्ट (दुसऱ्याच्या कोडमध्ये आपला बदल सुचवणं). एआय टूल्सवरची मागणी सारखी येईल, घ्या, पण त्यालाही वरचंच वाक्य लावा.

## ४. जागा

तीन पर्याय असतात: एखाद्या कंपनीचं ऑफिस, को-वर्किंग (भाड्याने बसायची सामाईक जागा), कॉलेज. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने छोट्या एजन्सीचं ऑफिस सगळ्यात बरं, फार तर खुर्च्या कमी पडतील.

कॉलेजचा हॉल फुकट आणि मोठा असतो पण त्याच्याबरोबर बाकीचंही येतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं मनोगत, यात पाऊण तास जातो, आणि हॉल भरलेला दिसावा म्हणून दुसऱ्या वर्षाच्या पोरांना हजेरीच्या धाकाने आणून बसवलं जातं, ती बिचारी मागच्या रांगेत झोपतात आणि ज्याला खरंच शिकायचंय त्याला बाहेर जागा नसते. कॉलेज घ्यायचंच असेल तर एका प्राध्यापकाशी आधी नीट बोला, 'सर, उद्घाटन नको, हजेरी नको, सर्टिफिकेट नाही', आणि बाहेरच्या माणसांना गेटवर सोडायचं पत्र हातात घ्या.

जागा बघायला जायचं ते ज्या वारी ज्या वेळी मीटअप आहे त्याच वारी त्याच वेळी. मंगळवारी सकाळी सगळं छान असतं, शनिवारी दुपारी मात्र लिफ्ट बंद, एसी सोसायटीकडून बंद, आणि वॉचमन लॅपटॉपचे सिरियल नंबर वहीत उतरवल्याशिवाय सोडत नाही.

तपासा, तिथे उभं राहून:
- स्वतःचा लॅपटॉप प्रोजेक्टरला लावा. केबल एचडीएमआय आहे की जुनी व्हीजीए, आणि टाइप-सीचा कन्व्हर्टर कोणाकडे आहे?
- पडदे ओढून आणि न ओढता स्क्रीन वाचता येते का ते शेवटच्या खुर्चीवरून बघा.
- प्लग किती? चार माणसांमागे एक तरी, नाहीतर घरून एक्स्टेन्शन बोर्ड आणायचे.
- पाहुण्यांच्या वायफायला प्रत्येकी ओटीपी लागतो का?
- लेडीज टॉयलेट उघडं आहे का, आणि चावी कोणाकडे?
- पिण्याचं पाणी.

## ५. स्पीकर

आता स्पीकर, आधी नाही. विषय आणि जागा ठरल्यावर स्पीकर शोधला की त्याला काय करायचंय ते सांगता येतं, उलट केलं की तो स्वतःचा जुना डेक (स्लाइडचा संच) घेऊन येतो, त्यात निम्मा वेळ 'माझा प्रवास'. गेल्या महिन्यात हे काम प्रत्यक्ष केलेला गावातलाच माणूस घ्या, बोलताना अडखळला तरी चालेल.

त्याला या गोष्टी लेखी द्या: बोलायला २५ मिनिटं, नंतर ४० मिनिटं सराव, कंपनीची ओळख एका स्लाइडपुरती, कोडचा फॉन्ट मोठा, थीम उजळ (काळी थीम प्रोजेक्टरवर धुऊन निघते), आणि बोलणं मराठीत, स्लाइड इंग्रजीत असल्या तरी हरकत नाही. कोणी अमराठी आलं असेल तर सुरुवातीला विचारून हिंदी मिसळा, कोणी रुसत नाही. स्लाइडवरच्या मजकुराला आणि मागच्या रंगाला डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीतलं ४.५ ला १ हे कॉन्ट्रास्टचं प्रमाण लावा, डिझायनर लोकांसमोर फिकट राखाडी अक्षरं दाखवणं बरं दिसत नाही.

आठवडाभर आधी व्हिडिओ कॉलवर पहिली दहा मिनिटं बोलून घ्या आणि सरावाची फाइल स्वतःच्या मशीनवर उघडून बघा.

सावध: स्पीकर ऐनवेळी येत नाही, हे गृहीतच धरा. तिघांपैकी एकाकडे चालवता येईल असा एक सराव कायम तयार हवा.

## ६. जाहीर करणं आणि नोंदणी

मीटअपच्या दोन-अडीच आठवडे आधी जाहीर करा, त्याहून आधी केलं तर लोक विसरतात. मेसेजमध्ये आधी 'जाताना काय करता येईल' ते वाक्य, मग वार-तारीख-वेळ, मग पत्ता, आणि पत्त्यासोबत गेटवरच टाकलेला मॅपचा पिन आणि जवळची खूण. लॅपटॉप लागेल की नाही हेही. स्पीकरचा फोटो शेवटी.

फॉर्ममध्ये नाव, ईमेल, काय काम करता, आणि 'या विषयात कुठे अडकता' एवढंच. फोन नंबर नको. व्हॉट्सॲपवर साध्या ग्रुपऐवजी कम्युनिटी काढून तिचा अनाउन्समेंट ग्रुप वापरा, तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. साध्या ग्रुपमध्ये मुलींचे नंबर उघडे पडतात आणि दुसऱ्या दिवशी 'हाय' सुरू होतं, मग त्या परत येत नाहीत आणि का येत नाहीत हे कोणाला कळतही नाही.

फ्री कार्यक्रमाला नाव नोंदवलं म्हणजे माणूस आला असं नसतं. हौशे, नवशे, गवशे सगळेच बटण दाबतात. ४० खुर्च्या असतील तर सुरुवातीला ६० पर्यंत नावं घेतली तरी सहसा चालतं, पुढे स्वतःच्या वहीत आलेले-न आलेले लिहून तुमच्या गावाचा आकडा काढा. दोन दिवस आधी एक मेसेज: 'जमत नसेल तर नाव काढा, वेटिंगवर माणसं आहेत.'

पैशाचं थोडक्यात. कोणाकडूनही स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेऊ नका. चहा-वडापावचा खर्च एखादी कंपनी करणार असेल तर तिने चहावाल्याला थेट द्यावेत, तुम्ही मध्ये नको. बदल्यात एक लोगो आणि एक आभाराचं वाक्य, भाषण नाही.

## ७. आदल्या दिवशी

सरावाची फोल्डर झिप करून लिंक सगळ्यांना पाठवा आणि 'घरूनच उतरवून या' असं सांगा. चार पेनड्राइव्हवर पण ठेवा, मात्र फक्त त्याच्या भरवशावर राहू नका, कंपनीच्या लॅपटॉपवर यूएसबी बऱ्याचदा बंद असतं. मीटअपमध्ये तीस जणांनी एकदम एनपीएम इन्स्टॉल (तयार कोड नेटवरून उतरवायचा आदेश) मारलं की ऑफिसचं वायफाय बसतं, मोबाइल हॉटस्पॉटला तर बहुतेक फोन दहाच्या आसपास जोडण्यांनंतर नकारच देतात. इंटरनेट पूर्ण बंद करून सराव होतो का ते आदल्या रात्री करून बघा. होत नसेल तर सराव बदला.

## ८. ते दोन तास

४ ला दार, ४:१० ला सुरू. सहाच जण असले तरी सुरू, वेळेवर आलेल्यांना थांबवून उशिरा येणाऱ्यांना मान द्यायची सवय लागली की पुढच्या वेळी सगळेच साडेचारला येतात.

- ४:१० ते ४:२० नियम आणि ओळख. चाळीस जणांनी उभं राहून ओळख द्यायची नाही, त्यातच तास जातो. शेजारच्या दोघांशी बोला, बस्स. तक्रार असेल तर कोणाकडे जायचं ती दोन माणसं, त्यात एक बाई, उभी करून दाखवा. फोटोत यायचं नाही त्यांनी डाव्या बाजूला बसावं असं इथेच सांगा.
- ४:२० ते ४:४५ बोलणं.
- ४:४५ ते ५:२५ सराव, जोड्यांनी, एक डेव्हलपर एक डिझायनर. लॅपटॉप नसलेल्या विद्यार्थ्याला जोडीत घ्या आणि कीबोर्ड त्याच्याच हातात द्या. आयोजकांनी या वेळात खुर्चीवर बसायचं नाही, फिरायचं, आणि कोणाचा प्रश्न सुटत नसेल तर स्वतः टाइप न करता बोटाने दाखवायचं.
- ५:२५ ते ५:४० चहा. आधी चहा ठेवला तर सराव होत नाही, शेवटी ठेवला तर लोक चहा पिऊन पळतात.
- ५:४० ते ६ दोन-तीन जोड्या काय केलं ते दाखवतात. नोकरीच्या जाहिराती इथे, प्रत्येकी अर्धं मिनिट.

माणसं दहाच्या आत असतील तर प्रोजेक्टर बंद करा, टेबल जोडा आणि सगळे एकाच स्क्रीनभोवती बसा. रिकाम्या खुर्च्यांसमोर माइकवर बोलण्याइतकं केविलवाणं काही नसतं, आणि खरं सांगायचं तर असे छोटे मीटअप शिकायला जास्त बरे पडतात.

सावध: एक जण असतोच जो प्रश्नाच्या नावाखाली भाषण देतो. 'चहाला बोलू' म्हणा आणि पुढच्या हाताकडे वळा.

## ९. पुढचे दोन दिवस

रविवारी रात्रीपर्यंत एकच मेसेज जायला हवा: सरावाची दुरुस्त फाइल, पुढची तारीख, आणि एक प्रश्न, 'कुठे अडकलात?' ताऱ्यांचं रेटिंग मागू नका, सगळे पाचच देतात. सर्टिफिकेट मागणारे विद्यार्थी भेटतील, त्यांना सांगा की पान दुरुस्त करून गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाक आणि ती लिंक बायोडाटात लाव, मुलाखतीत तिचाच उपयोग होतो.

ऑफिसवाल्यांना खुर्च्या लावून झाल्याचा फोटो आणि आभाराचा मेल पाठवा, पुढच्या महिन्याचा हॉल याच मेलवर मिळतो. आणि आलेल्यांपैकी जो न सांगता एक्स्टेन्शन बोर्ड गुंडाळत होता त्याला त्याच आठवड्यात फोन करून विचारा, पुढचा मीटअप तू घेतोस का. हो म्हणाला तर ग्रुपची ॲडमिनशिप, फॉर्मचा ॲक्सेस आणि वॉचमनचा नंबर तेव्हाच त्याला देऊन टाका.